जुनी ऐरण हाती आली की आधी ग्राइंडर लांब ठेवा

आजोबांच्या पडवीत सापडलेली असो, गावातला लोहार धंदा बंद करताना देऊन गेलेला असो, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगातून उचललेली असो, जुनी ऐरण पहिल्यांदा बघणारा माणूस गंजाला घाबरतो. गंजाचं भय नको. ऐरण खरोखर बाद होते ती तीन कारणांनी: माथ्याचं पोलाद अंगापासून सुटलेलं असतं, ती कधीतरी आगीत तापून पाणी, म्हणजे तापवून-निववून पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलेलं असतं, किंवा कुणीतरी तिचा माथा घासून 'नवा' केलेला असतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात नव्हत्या. तिसरी मात्र नवशिके स्वतः करतात, तेही अगदी प्रेमाने. म्हणून तिच्याबद्दल जरा लांबण लावणार आहे.

आधी समोर काय आहे ते ओळखा. इंग्रज काळात आलेल्या चोचीच्या ऐरणी, डडलीच्या पीटर राइट किंवा शेफील्डच्या माउसहोलसारख्या, बहुतेक अशा बनलेल्या असतात: अंग घडीव लोखंडाचं, म्हणजे मऊ, आणि माथ्यावर साधारण १२ ते २० मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी भट्टीत सांधून, पाणी देऊन कडक केलेली. स्वीडनच्या सोडरफोर्सची ऐरण अख्खी ओतीव पोलादाची. अमेरिकेतल्या फिशरचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि माथा पोलादी, म्हणून ती ठोकल्यावर वाजत नाही. आवाज बसका आहे म्हणून तिला नाकारू नका. आपल्याकडच्या लोहारांची आणि घिसाड्यांची ठोकळ्यात रोवलेली, बिनचोचीची छोटी चौरस ऐरण वेगळ्या घडणीची, पण तिचाही जीव माथ्यातच असतो. नुसत्या बिडाची स्वस्त ऐरण मात्र घेऊच नका. कडा टिचतात, माथ्याला खळगे पडतात आणि हातोड्याला उसळी मिळत नाही.

परीक्षेला २५ मिलिमीटरची बेअरिंगची गोळी आणि एक पट्टी पुरते. माथ्यावरचा गंज बोटभर जागेत पुसून काढा, गोळी २५ सेंटिमीटरवरून सोडा. २० सेंटिमीटरपर्यंत उसळली तर उत्तम, १७-१८ आली तरी काम चालेल, निम्म्याच्या खाली राहिली तर पाणी उतरलंय किंवा ती बिडाची आहे. हे एकाच जागी नाही, माथाभर दर चार बोटांवर करायचं. एखाद्याच जागी गोळी मरत असेल आणि तिथेच हलक्या हातोडीचा आवाज फुटका येत असेल, तर त्या जागेखाली पाटी सुटली आहे. मग जुनी कानस घ्या. कडक माथ्यावरून कानस घसरते, चावली तर समजा माथा मऊ झालाय. जळालेल्या घरातून किंवा दुकानातून आलेल्या ऐरणीची ही परीक्षा चुकवू नका.

वजनाचे आकडे वाचायला बाजूवर खडू घासा आणि टॉर्च आडवा धरा. इंग्लिश ऐरणीवर सहसा तीन आकडे असतात. पहिला ११२ ने गुणायचा, दुसरा २८ ने, तिसरा तसाच, आणि सगळी बेरीज पौंडांत. १ २ १० असेल तर ११२ + ५६ + १० = १७८ पौंड, म्हणजे जवळजवळ ८१ किलो. दुसरा आकडा ३ च्या वर नसतो, तिसरा २७ च्या वर नसतो. आता भंगारवाल्याच्या काट्यावर खरं वजन करा. एखाद-दोन पौंडांचा फरक जुन्या ऐरणीत असतोच. पण दोन-तीन किलो कमी भरलं आणि माथा मात्र आरशासारखा सपाट असेल, तर माथा कापला गेल्याचा संशय धरा. १० बाय ४० सेंटिमीटरच्या माथ्यावरून ३ मिलिमीटर काढले की जवळपास एक किलो पोलाद जातं.

आता तो सापळा. जुन्या ऐरणीचा माथा मध्ये खोलगट झालेला असतो, कडा गोलसर झालेल्या असतात. मिलिंगवाला, म्हणजे मशीनवर धातूचा थर कापून सपाट करून देणारा, म्हणतो, "आणून टाका, एका फेरीत सरळ करून देतो." ऐकायला सोपं वाटतं, मशीन त्याच्याकडे असतं, आणि मोबाइलवर दहा मिनिटांत ऐरण चकचकीत करणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्या व्हिडिओंत चकाकी दिसते, उरलेली पाटी दिसत नाही.

खोलगटपणा का येतो ते नीट समजून घ्या. वर्षानुवर्षं घण पडून पाटी मधोमध झिजते थोडी, दबते जास्त. तिच्याखालचं मऊ लोखंड बसतं आणि पाटी त्याच्याबरोबर खाली जाते. म्हणजे मध्यभागी पाटी जवळपास पूर्ण जाडीची असते, फक्त खाली गेलेली. ४ मिलिमीटरचा खळगा सपाट करायचा तर दोन्ही टोकांकडून ४ मिलिमीटर उतरवावे लागतात. १२ ची पाटी तिथे ८ ची होते. वर आणखी गंमत अशी की मशीनवर ऐरण बुडावर बसवतात आणि जुन्या ऐरणीचं बूड माथ्याला समांतर नसतंच. मग एका टोकाला ४ जातात आणि दुसऱ्या टोकाला ७. उरलेली पातळ पाटी घणाखाली लवते, लवून लवून सांध्यापासून सुटते आणि कडेचा तुकडा निघतो. शिवाय पाणी दिलेल्या पोलादाचा सगळ्यात कडक थर अगदी वर असतो, तोच आपण आधी उडवलेला असतो. हाताच्या ग्राइंडरने खरखरीत चाक लावून केलं तर वेगळं नुकसान होतं: चाकाखाली पिवळा, मग निळा रंग चढला की तो भाग ३०० अंशांच्या आसपास तापला, आणि तिथलं पाणी उतरायला लागलं.

आणि हे सगळं कशासाठी? दोन मिलिमीटरचा खोलगटपणा कामात अडत नाही. उलट वाकडी सळी सरळ करताना तोच उपयोगी पडतो, कारण सळी थोडी जास्त दाबता येते आणि परत उसळून सरळ होते. अगदी सपाट जागा हवीच असेल तर भंगारातून २५ मिलिमीटर जाडीची प्लेट आणा आणि शेजारी ठेवा. ऐरणीला हात लावू नका.

माथ्यावर चालतं ते एवढंच: तारेचा ब्रश, मग १२० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांचं चाक) हलक्या हाताने, फिरती ठेवून, हाताला चटका बसायच्या आत थांबत. कडांवर टोकदार तुकडे लोंबत असतील तर ते काढून कडेला गोलाई द्या. एका बाजूला ३ मिलिमीटरची, दुसऱ्या बाजूला ६ ते १० पर्यंत, बदलत जाणारी. कडा धारदार हवी हा समज चुकीचा आहे. धारदार कडेवर लोखंड दुमडून आत भेग राहते आणि कडही लवकर टिचते.

मोठा तुकडा उडाला असेल तरी वेल्डिंगची घाई नको. साध्या ६०१३ रॉडने भरलेली कड मऊ राहते, पहिल्याच दिवशी दबते. थंड ऐरणीवर वेल्ड मारलं तर शेजारच्या पोलादात भेग जाते. हे काम करायचं तर आधी सगळी ऐरण २०० अंशांच्या घरात तापवून, लो-हायड्रोजन आणि हार्डफेसिंग रॉड वापरून, नंतर कोरड्या राखेत सावकाश निववावी लागते. असं करणारा माणूस ओळखीचा नसेल तर टिचलेली कड तशीच ठेवून दुसऱ्या कडेवर काम करा. शेकडो लोहारांनी तसंच केलंय, तुमचंही भागेल.

गंज काढायला छोट्या हत्यारांसाठी विजेची पद्धत चांगली. प्लॅस्टिकची बादली, लिटरला १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. हत्यार ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला. उलटं जोडलं तर हत्यारच खाल्लं जाईल. पत्रा स्टेनलेसचा कधीही नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचं आणि आसपास विडी-काडी नाही. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो जाळू नका, कोरडा घासू नका. ऐरण भट्टीत टाकून गंज-रंग जाळण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याचं पुढचं काहीच ऐकू नका.

बैठक ही ऐरणीइतकीच महत्त्वाची. बाभळीचा ओंडका, रेषा उभ्या ठेवून, वरच्या टोकाला लोखंडी पट्टीचं कडं तापवून चढवलेलं. जमिनीत दोन-अडीच फूट जाऊ द्या आणि पुरायच्या भागाला डांबर लावा, नाहीतर वाळवी पहिल्याच वर्षी हजर. उभं राहून काम करणाऱ्याने हात सैल सोडून मूठ आवळावी. बोटांची पेरं माथ्याला टेकतील ती उंची. समोर घण मारणारा असेल तर दोन इंच खाली. बसून काम करायचं असेल तर उंची वहीत शोधू नका, गावात कुदळ-पहार शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून, देणारा लोहार असेल त्याच्या शेजारी चार दिवस बसा. मशीनवाल्यापेक्षा तो जास्त शिकवतो, हे माझं ठाम मत आहे.

वारशाने आलेल्या हत्यारांत छिन्नी आणि सुंभा (भोक पाडायचं हत्यार) आधी तपासा. ठोकून ठोकून डोक्याला छत्री आलेली असते. इथे मात्र ग्राइंडर हवाच. छत्री पूर्ण काढा, कडेला उतार द्या, कारण तिचा उडालेला कण डोळ्यात जातो. डोक्याला पाणी देऊ नका, ते मऊच हवं. हातोड्याचा दांडा सैल असेल तर पाण्यात भिजवायची सवय सोडा. लाकूड फुगून आतल्या आत चेपतं आणि वाळल्यावर आणखी सैल होतं. धावडा किंवा तिवसाचा नवा दांडा, नवी पाचर, वर जवसाचं तेल. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. मोकळी पसरून वाळवा.

सांडशीचे जबडे समांतर नसतील तर काम निसटतं. जबडे लाल करा, ज्या जाडीचं काम धरायचं तोच तुकडा आत ठेवून ऐरणीवर ठोकून बसवा आणि हवेतच निवू द्या. ऐरणीच्या माथ्यावरच्या चौकोनी भोकात बसवायचं हत्यार हाताने सहज निघेल इतकं सैल ठेवा. निमुळता दांडा ठोकून बसवला की पाचरीसारखा दाब येतो आणि ऐरणीची टाच, म्हणजे चोचीच्या विरुद्ध बाजूचं टोक, तुटू शकते.

पावसाळ्याआधी, कोकणात तर नक्कीच, माथ्यावर तेलाचा (जवसाच्या नव्हे) जाड हात द्या आणि वर तेलात भिजवलेलं गोणपाट टाका. प्लॅस्टिक नको. त्याच्या आत दमट हवा कोंडते आणि सकाळी माथ्यावर पाणी जमलेलं सापडतं.