चिवट रसायन किती दूर जाईल? मॉडेल वापरताना या चुका टाळा

डीडीटी (कीटकनाशक) आणि पीसीबी (औद्योगिक रसायनं) ही चिवट, म्हणजे लवकर न विघटणारी, रसायनं हजारो किलोमीटर ओलांडून आर्क्टिकमधल्या इनुइट या तिथल्या मूळ रहिवासी आयांच्या दुधात सापडली. तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून एखादं रसायन किती दूर जाईल याचे अंदाज संगणकावरच्या मॉडेलने काढायचे असतात, त्यामुळे इथला हलगर्जीपणा मला खपत नाही.

सर्वांत मोठा घोळ होतो ‘प्रवास-अंतर’ या आकड्याचा. मॉडेलने १,००० किमी दाखवलं की लोक नकाशावर वर्तुळ काढतात आणि त्यापलीकडे सगळं सुरक्षित समजतात. पण ही हद्द नव्हे. हवेतलं प्रमाण मूळच्या ३७ टक्क्यांवर येतं, ते हे अंतर. स्वतः गणित करून पाहा: वारा सेकंदाला ४ मीटर, हवेतलं अर्धायुष्य, म्हणजे रसायन निम्मं व्हायला लागणारा वेळ, २ दिवस (चिवट रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार याहून जास्त असेल तर सावध होतो), वाटेत काहीच खाली बसत नाही. उत्तर येतं सुमारे १,००० किमी. ३,००० किमीवरही ५ टक्के उरलेलंच असतं.

अंतर अपेक्षेच्या निम्मं येतंय? मग अर्धायुष्याचे तास तपासा. हवेतलं अर्धायुष्य काढणारा एओपीविन हा प्रोग्रॅम दिवस १२ तासांचा धरतो, कारण हवेत रसायन तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल उन्हात तयार होतात. त्याने सांगितलेले १० तास हे उन्हाचे तास. घड्याळाचे हवे असतील तर २० भरा.

फक्त हवेचाच विचार करणं अधिक महागात पडतं. आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची बीएचसी पावडर, म्हणजे एचसीएच (भारतात १९९७ पासून बंदी), अनेक समघटकांचं (तेच अणू, पण रचना वेगळी) मिश्रण होती. त्यातला अल्फा समघटक हवेतून आर्क्टिकला लवकर पोचला. बीटा समघटकाला पाण्याची ओढ जास्त. तो पावसाबरोबर पॅसिफिकमध्ये उतरला आणि सागरी प्रवाहाने, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून, उशिरा पोचला. दोघांना हवा-पाणी विभाजनाचा (रसायन हवेत किती आणि पाण्यात किती राहतं याचा) एकच आकडा दिलात, तर ही सगळी गोष्टच पुसली जाते.

एन्डोसल्फान हे कीटकनाशक असेल तर त्यापासून बनणारं एन्डोसल्फान सल्फेटही धरा, ते मातीत जास्त टिकतं. पीएफओएससारखी पाण्यात आयनरूपात राहणारी रसायनं ऑक्टॅनॉल-पाणी विभाजनावर (रसायन चरबीसारख्या ऑक्टॅनॉलमध्ये किती आणि पाण्यात किती विरघळतं यावर) बेतलेल्या मॉडेलमध्ये घालू नका. आकडा मिळेल, पण भरवशाचा नसेल.

राहिला पाऊस. साध्या मॉडेलमध्ये वर्षभर एकसारखी रिमझिम चालू असते. कोकणात मात्र चार महिने धो-धो आणि आठ महिने जवळजवळ कोरडे. धुळीच्या कणांना चिकटलेलं रसायन कोरड्या दिवसांत सुटलं, तर मॉडेलच्या अंदाजापेक्षा कितीतरी पुढे जातं. पावसाचा आकडा बदलता येत असेल, तर तो शून्य करून एकदा वेगळं उत्तर काढा आणि दोन्ही आकडे अहवालात शेजारी-शेजारी द्या.