पुण्याहून विमानाला खरंच किती वेळ लागतो, ते कसं काढायचं

पुणे-दिल्ली विमानानं किती किलोमीटर असं विचारलं की कोणीतरी हमखास रस्त्याचा आकडा ठोकून देतो, चौदाशेच्या वरचा. तो विमानाला लावायचा नसतो. लॅपटॉपवर गूगल मॅप उघडा, लोहगाव विमानतळावर राइट क्लिक करून मेजर डिस्टन्स घ्या, मग पलीकडच्या विमानतळावर क्लिक करा, झालं. दिल्ली साधारण ११५५ किमी येतं, दुबई २०५०. लांबच्या शहराला रेघ वाकडी दिसली तरी ती बरोबरच आहे, गोल पृथ्वीवर तीच जवळची वाट.

त्या किलोमीटरना ८२० नं (ताशी किमीचा वेग धरून) भागा, तास येतील, आणि वर चाळीस मिनिटं टाका. विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, वर चढणं, खाली उतरणं, धावपट्टीसाठी रांगेत थांबणं सगळं त्यात आलं. दिल्लीला सव्वादोन तासांच्या आत, दुबईला सव्वातीनच्या आसपास. "विमान ९०० नं जातं म्हणजे दिल्ली सव्वा तासात" म्हणणाऱ्यांनी विमान जागेवरून उडतं असं धरलेलं असतं.

आता घोळ कुठे होतो तर तिकिटावरच्या घड्याळात. मलाही हे आधी डोक्यात बसायचं नाही. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. समजा पुण्याहून रात्री ८ ला निघालात आणि तिकिटावर दुबई ९:४५ लिहिलंय, तर लोक खुशाल सांगतात पावणेदोन तासात दुबई. अहो, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे तेव्हा आपल्याकडे सव्वाअकरा वाजलेले असतात आणि प्रवास सव्वातीन तासांचाच झाला. येताना उलटं, तिथून रात्री ११ ला निघून इथे पहाटे ३:४५ ला उतरलात की पावणेपाच तास वाटतात, असतात सव्वातीनच.

म्हणून सरळ प्रिंटआउट काढा, पेन्सिलनं दोन्ही वेळांशेजारी भारतीय वेळ लिहा, तारखेसकट, आणि मगच वजाबाकी करा. तोंडी हिशोब अजिबात नको, मध्यरात्र आली की तारीख सटकते. १५ तारखेची १२:४० एएम म्हणजे १४ ची रात्र, आणि आमच्या सोसायटीतले एक काका मुलीला आणायला १५ च्या रात्री लोहगावला गेले, तोवर ती घरी येऊन झोपली पण होती.

लंडन-न्यूयॉर्कवाल्यांनी अजून जपा. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, त्यामुळे फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. अमेरिका तेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी करते. तेव्हा मागच्या ट्रिपचा फरक कॉपी मारू नका. कनेक्टिंग असेल तर मधला थांबा वेगळा काढा, तो उडण्याचा वेळ नाही.

पूर्व-पश्चिम प्रवासात, खासकरून हिवाळ्यात, वरचे वारे पश्चिमेकडून असतात, म्हणून कोलकात्याला जाताना लवकर आणि येताना जरा उशीर. एवढं करूनही खात्री हवी असेल तर फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर त्या फ्लाइटचे मागचे काही दिवस बघा, विमान खरंच कधी उडालं नि कधी टेकलं ते तिथे दिसतं. कोथरूडहून लोहगावला पोचायचा वेळ मात्र यात धरलेला नाही, तो तुमचा तुम्ही धरा.