ऑफिसातले तानाका-सान

नोकरीसाठी जपानला आलात, टोकियोतल्या निशी-कासाईत घर लागलं, आता ऑफिस. पहिल्या आठवड्यात एखादे तरी तानाका भेटणारच. जपानमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पाच आडनावांत हे येतं. ओसाका-क्योतोकडे तर फारच.

कांजीला, म्हणजे जपानी लिपीतल्या चिनी चित्राक्षरांना, घाबरू नका, हे नाव पहिल्याच दिवशी वाचता येईल. ‘ता’ म्हणजे भातखाचर: एक चौकोन, आत अधिकचं चिन्ह. कोकणातल्या माणसाला ते बांध आहेत हे वेगळं सांगायला नको. ‘नाका’ म्हणजे मध्ये: बुटका आयत आणि त्याला आरपार छेदणारी उभी रेघ. खाचरांच्या मधोमध राहणारे ते तानाका. हीच अक्षरं उलटी लिहिली की नाकाता, फुटबॉलवाल्या हिदेतोशी नाकाताचं आडनाव. याच धर्तीवर डोंगराच्या पायथ्याचे यामामोतो, नदीच्या मुखाशी राहणारे कावागुची.

सामान्य लोकांना आडनाव लावायची परवानगी 1870 साली मिळाली आणि 1875 साली ते सक्तीचं झालं. सैन्यभरतीच्या नोंदी नीट ठेवायच्या होत्या. तेव्हा सगळ्या गावानं खिडकीतून बाहेर बघून नावं ठरवली, असं रंगवून सांगतात, पण ते फारसं खरं नाही. पुष्कळ घरांत आडनाव आधीपासून होतं, फक्त चारचौघांत लावायची मुभा नव्हती. आणि खाचरं काय, गावोगाव होती. त्यामुळे एक तानाका दुसऱ्या तानाकांचे कुणी लागतीलच असं नाही. आडनावावरून गाव, कूळ काढायची आपली खोड इथे आवरा. पूर्वजांची चौकशी काही घरांना खरोखर बोचते, कारण जन्मावरून भेदभाव इथेही झालेला आहे.

वाचनात मात्र गोची आहे. तेच ‘ता’ यामादामध्ये ‘दा’ होतं. नाकाजिमा आणि नाकाशिमा एकाच अक्षरांत लिहितात. व्हिजिटिंग कार्ड हातात पडलं की सरळ विचारा, “नान तो ओयोमी शिमासु का?” म्हणजे, हे कसं वाचायचं? कुणाला राग येत नाही, जपानी लोकही एकमेकांना विचारतात.

‘सान’ म्हणजे आपल्या ‘जी’सारखं, नावामागे आदरानं लावायचं. त्याचं गणित आपल्याला जड जातं. समोर साहेब असले की तानाका-सान. पण बाहेरच्या क्लायंटचा फोन आला तर त्याच साहेबांना नुसतं तानाका म्हणायचं: “तानाका मीटिंगमध्ये आहेत.” जीभ अडखळते, तरी म्हणा. स्वतःच्या नावाला सान कधीच लावायचं नाही. एका टीममध्ये दोन तानाका असतील, तर बाकीचे त्यांना काय म्हणतात ते ऐका आणि तेच म्हणा.