कोरड्या प्रदेशातील कुरणे : दुष्काळात आणि त्यानंतर या चुका टाळा

कुरण उजाड दिसले की दुष्काळ आणि जमिनीचा ऱ्हास यांत गल्लत होते, आणि पुढचे उपायही त्यामुळे चुकतात. मुळे व ठोंब (गवताचे जमिनीलगतचे झुबके) शाबूत असतील, तर वाळलेले बहुवार्षिक, म्हणजे वर्षानुवर्षे त्याच मुळांवर टिकणारे गवत चांगल्या पावसात पुन्हा फुटते. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेला साहेल पट्टा १९७० व १९८० च्या दशकांतील दुष्काळांनंतर कायमचा वाळवंट होणार, असे अनेकांना वाटत होते. पाऊस सुधारल्यावर त्याचा बराच भाग हिरवा झालेला उपग्रहांच्या नोंदींत दिसला. याउलट, चांगला पाऊस होऊनही पाणी न मुरता वाहून जात असेल, मातीवर कठीण पापुद्रा धरला असेल आणि भोवतालची माती धुपल्यामुळे ठोंब उंचवट्यावर उभे दिसत असतील, तर तो ऱ्हासच समजावा. नुसत्या हिरवेपणावर विसंबू नये, कारण जनावरे तोंड न लावणारी झुडपेही लांबून हिरवीच दिसतात.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र पाऊस आल्यावर होते. उपाशी कळप पहिल्याच कोंबांवर सोडला जातो. पण हे कोंब मुळांत आणि बुडख्यात साठवलेल्या अन्नावर फुटलेले असतात, आणि नवी पाने तो साठा भरून काढण्याआधीच वारंवार खुडली गेली, तर मुळे आखडून ठोंब मरतो. पुरेशी पाने येईपर्यंत जनावरे एका लहान तुकड्यात वैरणीवर ठेवावीत. तो तुकडा खराब होईल, पण बाकीचे कुरण वाचेल.

जनावरांची संख्या सरासरी पावसावरून ठरवणेही घातक असते, कारण थोडी अतिवृष्टीची वर्षे सरासरी फुगवतात आणि निम्म्याहून अधिक वर्षे तिच्या खालीच राहतात. पाऊस हुकल्याचे स्पष्ट होताच, जनावरे धष्टपुष्ट असतानाच, काही विकावीत. उशीर केला तर भाव पडतो आणि कुरणही जाते.

चारा संपल्यावर नवी कूपनलिका खोदणे हा उपाय नव्हे. पाणी वाढले तरी गवत तेवढेच राहते, आणि पाणवठ्याभोवतीची जमीन तुडवली जाऊन उघडी पडते.

पापुद्रा धरलेल्या जमिनीवर नुसते बी फेकल्यास ते वाऱ्याने आणि पाण्याने वाहून जाते. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातील शेतकरी अशा जमिनीत कोरड्या हंगामातच छोटे खड्डे खणून त्यांत शेणखत घालतात. त्याकडे वाळवी येते, तिच्या बिळांतून पहिल्या पावसाचे पाणी खाली मुरते आणि बी तिथेच धरते.