बीफ आरोग्याला चांगलं की वाईट? पाकिटाकडे बघून ठरवू नका, या चुका टाळा

आहारसल्ला देण्याचं काम करताना लोक काय बघून खरेदी करतात हे मला सतत ऐकायला मिळतं. बीफच्या बाबतीत बहुतेकांचा निकाल पाकीट हातात घेताक्षणी लागलेला असतो. लालभडक दिसतंय, चरबी फारशी नाही, वर हिरवं पान छापलंय, म्हणजे चांगलं. मांस शिळं आहे का, त्याने आज पोट बिघडेल का आणि वर्षानुवर्षं खाल्लं तर शरीराचं काय होईल, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींचं उत्तर एका नजरेत मिळवायला गेलं की पुढच्या सगळ्या चुका होतात.

लाल ते ताजं, तपकिरी ते खराब

ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की हिच्यावर जरा सविस्तरच लिहिते. मांसाला रंग येतो तो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे. हवा काढून घेतलेल्या पाकिटात ते जांभळट दिसतं. पाकीट फोडून हवा लागली की साधारण अर्ध्या तासात लालचुटूक होतं आणि पुढे हळूहळू तपकिरी पडतं. खिम्याचा गोळा वरून लाल आणि आतून करडा निघाला की लोक लगेच म्हणतात, दुकानदाराने आत जुना माल भरला. बहुतेक वेळा आतपर्यंत ऑक्सिजन पोचलेला नसतो, एवढंच. पाकिटात साचलेलं लाल पाणी म्हणजेही रक्त नव्हे. ते मांसातलं पाणी आणि त्यात उतरलेलं मायोग्लोबिन असतं.

लाली मुद्दाम टिकवताही येते. बऱ्याच पाकिटांत ७० ते ८० टक्के ऑक्सिजन भरलेला असतो. अमेरिकेत अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड वापरायलाही परवानगी आहे, युरोपीय संघात नाही. म्हणजे रंग छान असला तरी मांस किती जुनं आहे ते त्यावरून सांगता येत नाही.

रंगावर विसंबण्याचा खरा धोका तव्यावर असतो. स्वयंपाकाच्या एका वर्गात मी अन्नसुरक्षा शिकवत होते. एका उत्साही मुलाने खिम्याची पॅटी तव्यावर टाकली, झटपट उलटली आणि मधोमध कापून दाखवली. आत गुलाबी रंगाचा मागमूस नव्हता. ‘मॅडम, झालं,’ म्हणाला. मी दुसऱ्या पॅटीत बाजूने थर्मामीटर खुपसला, तर आकडा ५८ अंशांवर थांबला. त्याचं म्हणणं, थर्मामीटरच बिघडलाय. उकळत्या पाण्यात धरून दाखवला, १०० आले. मग पॅटी परत तव्यावर गेल्या आणि ७१ अंश झाल्यावरच उतरल्या. तो खिमा ऑक्सिजन भरलेल्या पाकिटातला होता. असा खिमा पुरेसा शिजण्याआधीच आतून तपकिरी होतो, आणि घाईत असलेला माणूस तिथेच फसतो.

खिम्यात हे जास्त घातक, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू दळताना आतपर्यंत मिसळतात. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ नावाचा जीवाणू पसरला. ७०० हून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. म्हणून खिमा ७१ अंशांपर्यंत शिजवायचा. अखंड तुकड्याला ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं झाकून ठेवणं पुरतं. ‘मला नुसतं बघून कळतं’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, थर्मामीटर हातात देते.

खरेदीच्या वेळी मी तारीख बघते, पाकीट थंडगार आहे ना ते हाताने बघते आणि मांस सगळ्यात शेवटी घेते. घरी पाकीट फोडल्यावर आंबूस वास आला किंवा बोटांना चिकट लागलं तर सरळ टाकून देते. मात्र आजार पसरवणाऱ्या जीवाणूंना वास असतोच असं नाही, त्यामुळे वास चांगला आला म्हणून शिजवण्यात सूट घेत नाही.

‘८० टक्के लीन’ वाचून खूश होणं

हा आकडा वजनाचा आहे. १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात ८० टक्के बिनचरबीचं मांस, म्हणजे २० ग्रॅम चरबी. त्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५० कॅलरी असतात आणि त्यातल्या जवळपास १८० चरबीतून येतात. वजनाने पाचवा हिस्सा, पण कॅलरींचा सत्तर टक्के वाटा! अमेरिकी नियमांत ‘लीन’ म्हणवून घ्यायला १०० ग्रॅममध्ये एकूण चरबी १० ग्रॅमपेक्षा कमी, संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी साडेचार ग्रॅमपर्यंत आणि कोलेस्टेरॉल ९५ मिलिग्रॅमपेक्षा कमी लागतं. समोरचा मोठा आकडा सोडा, पाकीट उलटं करा आणि संपृक्त चरबीची ओळ वाचा. मी तेवढी एकच ओळ आधी वाचते.

काठाची चरबी बघून तुकडा नाकारणं

काठावरची पांढरी पट्टी सुरीने मिनिटभरात काढता येते. मांसात जाळीसारखी पसरलेली चरबी काढता येत नाही. तरी लोक पट्टीवाला तुकडा परत ठेवतात आणि जाळीदार स्टेक उचलतात, वर त्यावर ‘प्राइम’ लिहिलेलं असलं की आणखी विश्वास. अमेरिकी प्रतवारीत प्राइम म्हणजे सगळ्यात जास्त जाळीदार चरबी. ती प्रत मऊपणा, रस आणि चव यांसाठी दिली जाते, तिचा पथ्याशी संबंध नाही. कोलेस्टेरॉल मात्र कमी आणि जास्त चरबीच्या तुकड्यांत फारसं वेगळं नसतं.

गवतावर वाढवलेलं, म्हणून कितीही चालेल

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी साधं बीफ बंद करून गवतावर पोसलेल्या जनावराचं सुरू केलं, आणि ‘हे चांगलं’ म्हणून दुप्पट खाऊ लागले. रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं बघून ते खरोखर दुखावले. गवतावरच्या मांसात ओमेगा-३ जास्त असतं हे खरं. बीटा कॅरोटीनमुळे त्याची चरबी पिवळसर दिसते. पण तेलकट माशांच्या तुलनेत ते ओमेगा-३ अगदी थोडं, आणि दुप्पट ताटातून संपृक्त चरबीही जवळजवळ दुप्पट येतेच. शिवाय अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘ग्रास-फेड’ या दाव्याचं आपलं विपणन मानक २०१६ मध्ये मागे घेतलं, त्यामुळे तिथे नुसत्या शब्दावर न जाता कुणी प्रमाणित केलंय ते बघावं लागतं. ‘नॅचरल’ लिहिलेलं असेल तर जनावर कसं वाढवलं याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

पाकीट स्कॅन करून गुण देणारी ॲपही मला पटत नाहीत. तुम्ही किती खाणार आणि कसं शिजवणार हे त्यांना माहीत नसतं.

कर्करोगाची बातमी अर्धीच वाचणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस (सलामी, सॉसेज वगैरे) पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच गटात टाकलं. लाल मांस ‘२अ’ गटात, बहुधा कर्करोगकारक म्हणून. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, आणि ती वाढ मुळातल्या जोखमीच्या तुलनेत मोजलेली आहे. घाबरून बीफ एकदम सोडणाऱ्यांनी लोह, जस्त आणि बी-१२ कुठून मिळणार ते आधी ठरवावं. ‘कमी चरबीचं’ सलामी रोज खाऊन निर्धास्त राहणाऱ्यांची मात्र मला जास्त काळजी वाटते.

करपवू नका. काळा पडलेला भाग मी कापून टाकते.

आणि वजन. लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमपर्यंत ठेवा असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे, तो शिजवलेल्या मांसाचा आहे. ५०० ग्रॅम शिजवलेलं म्हणजे कच्चं साधारण ७०० ते ७५० ग्रॅम. मी शिजवल्यावर तोलते आणि आठवड्याची बेरीज फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवते.