साध्या माणसाचा इतिहास कसा वाचायचा

गोव्याचा इतिहास म्हटला की 1510 ला पोर्तुगीज आले आणि 1961 ला गेले, मधली माणसं कुठं गेली? म्हणून साध्या माणसावरचं पुस्तक हातात आलं की आधी बघा, लेखकाला तो सापडला कुठल्या कागदात. इटलीतला 16व्या शतकातला मेनोक्किओ, साधा गिरणीवाला, म्हणायचा की दुधाचं चीज होतं तसं जग घट्ट झालं नि त्यात किडे पडावेत तसे देवदूत झाले, आणि हे आपल्याला कळतं कारण इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्माविरुद्ध बोलणाऱ्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, कारकुनाने त्याची जबानी लिहून ठेवली. म्हणजे बोलणं त्याचं पण कागद त्याला मारणाऱ्यांचा, हे डोक्यात ठेवूनच वाचायचं. आपल्या गोव्यातलं इन्क्विझिशन 1812 ला बंद झालं आणि बहुतेक कागद नष्ट केले, किती जबान्या गेल्या असतील, मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, 'असावं', 'बहुधा' हे शब्द पेन्सिलने अंडरलाइन करा, चांगला लेखक अंदाज लपवत नाही.

मग घरातले जुने कागद काढा. आमच्या फोंड्याच्या घरात आजोबांच्या दुकानाची उधारीची वही आहे, तांदूळ किती, रॉकेल किती, कोणी कधी फेडले, पावसाच्या महिन्यांत पानंच्या पानं भरलेली, तिथून सुरुवात करा.