रानपिंगळ्याचे छायाचित्र कसे घ्यावे

रानपिंगळा या दुर्मिळ लहान घुबडाचे छायाचित्र घ्यायला निघण्यापूर्वी त्याला त्याच्या दोन भाऊबंदांपासून वेगळे ओळखता आले पाहिजे, कारण सातपुड्याच्या सागवनात ठिपकेवाला पिंगळा आणि जंगली पिंगळा हे दोघेही आढळतात आणि घाईत टिपलेल्या चित्रात तिघांची सहज गल्लत होते. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, जंगली पिंगळ्याच्या डोक्यापासून अंगभर बारीक आडव्या रेघा असतात. सुमारे २३ सेंटिमीटर लांबीच्या रानपिंगळ्याचा माथा मात्र करडा-तपकिरी आणि जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो, छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पट्टे, आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले व अंगाच्या मानाने चांगलेच दणकट. म्हणून समोरून घेतलेल्या एका देखण्या चित्रावर समाधान मानू नये. छाती-पोट, माथा आणि शेपटी हे तिन्ही भाग दाखवणारी चित्रे मिळाली, तरच ती नोंद म्हणून टिकतात.

या काटेकोरपणाला कारण आहे. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले, शेवटचा खात्रीचा नमुना (संग्रहासाठी जपलेला मृत पक्षी) १८८४ मध्ये गोळा झाला, आणि त्यानंतर ११३ वर्षे त्याचा विश्वासार्ह ठावठिकाणा लागला नाही. ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचे सांगितलेला नमुना प्रत्यक्षात जुना होता आणि त्यावरची माहिती खोटी होती, हे पुढे उघड झाले. ही माहिती बाजूला सारून अमेरिकी पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भर दिला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ त्यांना हा पक्षी भर दिवसा दिसला. नोंदीतली एक खोटी तारीख शोधाला किती काळ चुकीच्या दिशेला नेऊ शकते, हे या पक्ष्याइतके दुसऱ्या कोणी क्वचितच शिकवले असेल.

मेळघाट, तोरणमाळ, यावल, मध्य प्रदेशातील खंडव्याचा परिसर, गुजरातेतील पूर्णा अभयारण्य, तसेच २०१४ पासून तानसा अभयारण्य येथे त्याच्या नोंदी आहेत. राखीव क्षेत्रात शिरण्यासाठी आणि छायाचित्रणासाठी वनविभागाची परवानगी आधीच घ्यावी, आणि जंगल रोज पाहणारा स्थानिक वाटाड्या सोबत असावा. कोणत्या नाल्याकाठच्या कोणत्या वठलेल्या झाडावर पक्षी बसतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

घुबड म्हटले की रात्र आठवते, पण रानपिंगळा मुख्यतः दिवसा वावरतो. थंडीच्या दिवसांत तो सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर ऊन खात बसतो, आणि छायाचित्रकाराला याहून चांगली संधी मिळत नाही. उजाडण्यापूर्वी जागेवर पोहोचावे आणि चालण्यापेक्षा थांबण्यात अधिक वेळ घालवावा. आधी कान वापरावेत. कोतवाल, शिंजीर आणि इतर लहान पक्षी एका फांदीभोवती एकाएकी कलकलाट करू लागले, तर तिथे बहुधा कोणी शिकारी बसलेला असतो. तो दरवेळी रानपिंगळाच निघेल असे नाही, परंतु दुर्बिणीतून त्या फांद्या एकेक करून तपासण्यासारखी खूण याहून दुसरी नाही. दिवस वर चढला की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्याच्या पिसांचा तपशील विरघळून जातो. कितीही महागडी लेन्स हा दोष दूर करू शकत नाही, म्हणून त्या वेळी कॅमेरा ठेवून निरीक्षण करावे.

पक्षी लहान आणि अंतर मोठे असल्यामुळे ५०० किंवा ६०० मिलिमीटरची लेन्स सोयीची पडते. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, पण तो सरड्यावर झेप घेण्याच्या बेतात दिसला तर वेग दोन हजारावा भाग करून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढू द्यावा, कारण चित्रातले कण नंतर कमी करता येतात, हललेले चित्र सुधारता येत नाही. खरी अडचण उजेडाच्या मापनाची आहे. शेंड्यावर बसलेल्या तपकिरी पक्ष्यामागे फिकट आकाश असले की कॅमेरा फसतो आणि पक्षी काळपट येतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे चित्रात घेतला जाणारा उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तोच पक्षी खाली गर्द सावलीच्या पार्श्वभूमीवर उन्हात बसला तर उलट एक्स्पोजर कमी करावे लागते, नाहीतर पोटाचा पांढरा भाग जळतो. पहिल्या दोन-तीन चित्रांनंतर हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख) पाहावा आणि चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपातच घ्यावीत. फांद्यांच्या जाळीत ऑटोफोकस भलत्याच काडीला धरतो, तेव्हा एकच फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा.

अंतर किती ठेवायचे, हे पक्ष्याला ठरवू द्यावे. दिसताक्षणी आहात तिथूनच काही चित्रे घ्यावीत, मग वाटले तर तिरकस दिशेने चार-सहा पावले टाकून थांबावे. थेट त्याच्याकडे रोखून चालत जाऊ नये. तो शेपटी डावी-उजवीकडे झटकत जमिनीकडे पाहत असेल तर शिकारीत गुंतलेला असू शकतो. तोच अंग ताठ आणि बारीक करून तुमच्याकडे एकटक पाहू लागला, डोके वरखाली करू लागला किंवा फांदी बदलून पुन्हा मागे वळून पाहू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. त्याच्या मागे या झाडावरून त्या झाडाकडे धावू नये.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावणे मला सर्वथा अमान्य आहे. हा पक्षी आपल्या हद्दीबाबत दक्ष असतो, आणि परका नर आला असे समजून तो शिकार, पिल्ले सारे सोडून आवाजामागे येतो. चित्र आपल्याला मिळते, पण त्याची किंमत तो मोजतो. फ्लॅश, आमिष आणि आड येणाऱ्या फांद्या तोडणे यांनाही हेच लागू आहे. विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असल्याने पानगळीचा, म्हणजे दिसण्याला सर्वांत सोपा काळ नेमका याच हंगामात येतो. झाडाच्या ढोलीत पक्षी वारंवार शिरताना किंवा चोचीत भक्ष्य घेऊन जाताना दिसला, तर चित्र न घेता तिथून निघून जावे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे, आणि ढोलीजवळ रेंगाळणारा माणूस इतर शिकाऱ्यांचेही लक्ष तिकडे वेधू शकतो.

परतल्यावर त्याच दिवशी तारीख, वेळ, झाडाचा प्रकार, पक्षी काय करत होता आणि अंदाजे अंतर हे लिहून काढावे, आणि मूळ रॉ फाइल न बदलता जपून ठेवावी. चित्र समाजमाध्यमावर टाकण्यापूर्वी त्यातील जीपीएसची माहिती पुसावी, ठिकाण म्हणून फक्त जिल्हा लिहावा, आणि मागे ओळखू येणारे मंदिर, बंधारा किंवा टेकडी दिसत असेल तर दुसरे चित्र निवडावे. नेमके ठिकाण आणि पूर्ण नोंद वनविभागाकडे व या पक्ष्यावर काम करणाऱ्या अभ्यासकांकडे मात्र अवश्य पोहोचवावी, आणि ओळखीबद्दल शंका असेल तर तीही त्याच नोंदीत स्पष्ट लिहावी.